ज्याची पाटी त्यानंच काढायची

पळसदेवच्या संभाजीरावांचा आदल्या दिवशी फोन आला. "मॅडम, धाकटी बी मेकॅनिकलच म्हणतीय. उद्या बारामतीला पोरींसाठी तुमचं भाषण हाय म्हणं. तिला घिऊन येतो. तुमी व्हय म्हणला तर फारम भरू, न्हाय म्हणला तर बीएला घालू. परवा शेवटची तारीख हाय. आमाला यातलं काय कळत न्हाय, तुमीच काय ते ठरवा."

मी "या" म्हणाले आणि फोन ठेवला. थोरलीच्या वेळीही ते असंच म्हणाले होते, तुमीच काय ते बघा. मी बघितलं. थोरली म्हणजे जयवंता. तीन वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात ती बगॅसच्या पट्ट्यात सापडून गेली, आणि ती कशी गेली हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक आहे.

मी मंदाकिनी. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनियर होते. त्यातली एकतीस वर्षं तिथं मी एकटीच बाई. त्यामुळं नोकरीत असल्यापासूनच जिथं जिथं 'मुलींसाठी करिअर मार्गदर्शन' असतं तिथं मला शाल आणि नारळ घेऊन बोलावतात. शालींचं आता मी काय करावं हे कुणी मार्गदर्शन करत नाही. यावेळी बोलावणारा स्वानंद, माझ्या मावसबहिणीचा मुलगा, बारामतीच्या एका कॉलेजात शिकवतो. त्याला नाही म्हणता आलं नाही.

भाषण पाठ आहे. मी मुलींना सांगते, पहिल्या दिवशी स्टोअरला जाऊन आपल्या मापाचे बूट मागा. मी मागितले नाहीत. दोन वर्षं सात नंबरच्या पुरुषी बुटांत चिंध्या कोंबून शिड्या चढले. मीटिंगमध्ये चहा आला की ट्रेकडं बघूही नका. एकदा कप भरून दिलात की रिटायर होईपर्यंत ट्रे तुमचाच. बायकांची मोरी कुठं आहे हे ऑफर लेटर हातात घेतानाच विचारा, लाजू नका. आमच्याकडं नव्हती, म्हणून मी वर्षभर पाळीत पाणी प्यायले नाही आणि शेवटी मूतखड्याचं ऑपरेशन करून घेतलं. मुली हसतात. मीही हसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेल्या माणसाला तो सांगताना मोठा विनोद सुचतो.

पुढं एक सल्ला असायचा, माझा सगळ्यात आवडता. "पहिल्या वर्षी आपल्या नावाचा हट्ट धरू नका. मोठ्याच्या नावाखाली काम करा, आपलं नाव मागून आपोआप येतं." तीन वर्षांत तो मी एकदाही म्हटलेला नाही. कारण त्या वाक्याशी आले की शेवटच्या बाकावर जया बसलेली दिसते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, वेणीत खोचलेली पेन्सिल, बाह्यांवर बगॅसचा भुसा. ती काही करत नाही, नुसती ऐकत असते. मी इंजिनियर बाई, भूतबित मानत नाही. पण मोजलेलं नाकारूही शकत नाही. तीन वर्षांत चौदा भाषणं झाली आणि चौदाही वेळा ती आली.

दुसरा त्रास आवाजाचा आहे. दुपारी बारा वाजले की माझ्या पिशवीत पत्र्यावर पत्रा वाजतो. एकदाच, बारीक. पिशवी तीनदा बदलली. ज्या दोन पाट्या वाजतात असं वाटायचं त्या मी नीरेच्या कालव्यात टाकून आले, तरी आवाज येतोच. माझ्या आजीकडं असलं सगळं देवऋषाला सांगायची सोय होती. माझ्याकडं नाही.

पाट्यांचं सांगायला हवं, त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. उसाचा रस काढून उरलेला चोथा म्हणजे बगॅस. तो साखळ्यांच्या एका लांबलचक पट्ट्यावरून बॉयलरकडं जातो आणि तिथं जळतो. पट्टा बिघडला तर माणसाला त्याच्या पेटीत शिरावं लागतं. शिरण्याआधी त्यानं स्विचच्या हँडलला आपल्या नावाची लाल पत्र्याची पाटी अडकवायची. पाटी आहे तोवर मशिनला कुणी हात लावायचा नाही. आणि ज्याची पाटी त्यानंच काढायची. चेअरमन आला तरी त्यानं दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. कारखान्यात बाकीचे नियम लोक सोयीनं पाळतात, हा नियम मात्र जीव मुठीत धरून पाळतात.

जयवंता ट्रेनी म्हणून आली तेव्हा तिनं आपली पाटी गावातल्या पेंटरकडून रंगवून आणली होती. नाव पूर्ण, जयवंता संभाजी, आणि खाली पिवळ्या रंगात एक बारीक कमळ. आजीचं नाव तिला ठेवलेलं. मुलं तिला चिडवायची, आजीबाई आल्या म्हणायची. ती म्हणायची, "आजीनं सत्तर वर्षं हे नाव वापरलं, काय बिघडलं न्हाय त्याला. मला बी पुरंल."

पहिल्याच आठवड्यात तिची पाटी बिरूनं काढली. बिरू हा स्विचपाशी बसणारा जुना माणूस, मनानं वाईट नाही. त्याला वाटलं, कमळाची पाटी म्हणजे पोरगी शिकायला लावून बघतेय. पट्टा हातभर हलला आणि थांबला, तेवढ्यात जयानं उडी मारली. बाही कोपरापासून फाटली. बिरूचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काय ठावं पोरगी खरंच आत हाय म्हणून?" एवढंच तो म्हणत राहिला.

जया कागद घेऊन माझ्याकडं आली. चीफ इंजिनियर वसंतरावांना लेखी तक्रार द्यायची होती तिला. मजकूर स्वच्छ होता, एक शब्द जास्त नव्हता. मी तो वाचला आणि चौघडी करून तिच्या हातात परत दिला.

"हे देऊ नकोस," मी म्हणाले. "दिलंस तर जन्मभर तक्रारवाली होऊन राहशील. ही माणसं नव्या मुलीचं नाव वाचतच नाहीत गं. माझं वाचायला त्यांना दहा वर्षं लागली."

"मग मी काय करू?"

माझ्याकडं दोन पाट्या होत्या, मिलसाठी एक आणि बॉयलरसाठी एक. त्यातली एक तिला दिली. "आत शिरताना ही लावत जा. माझ्या पाटीला हात लावायची कुणाची छाती नाही."

ती पाटी उलटसुलट करून बघत राहिली. "पण मॅडम, ज्याची पाटी त्यानंच काढायची न्हवं का? मग ही काढणार कोण?"

मी हसले. "मी आहे ना."

तिनं कागद फाडला आणि पाटी खिशात घातली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. मी कुणाला तरी मोठं करतेय, असं वाटलं होतं. खरं तर मी तिला माझ्यासारखं करत होते. सोसून मोठी झालेली बाई दुसरीला सोसायलाच शिकवते, आणि वर त्याला अनुभव म्हणते.

जानेवारीतली गोष्ट, सीझन ऐन भरात. सकाळी नऊला मी पट्ट्याची एक कडी बघायला स्वतः पेटीत शिरले होते. हँडलला पाटी लावली, काम झाल्यावर काढली, पिशवीत टाकली. साडेअकराला जयाला पट्ट्याची एक फळी वाकलेली दिसली. तिनं पट्टा थांबवला, फिटरला बोल्ट आणायला स्टोअरला पिटाळलं, हँडलला माझी पाटी लावली आणि आत शिरली. बाराच्या पाळीला बिरू आला. बॉयलरवरून बगॅससाठी ओरड सुरू झाली होती. बिरूनं पाटी बघितली आणि हात मागं घेतला. माझा सल्ला अगदी बरोबर होता, माझ्या पाटीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. तो मला शोधत आला.

"मॅडम, तुमची पाटी ऱ्हायलीय. काढता का? वरून बोंब चाललीय."

मला वाटलं, सकाळी विसरले. घाईची वेळ, माणूस विसरतं. मी गेले, पाटी काढली, "कर चालू" म्हणाले. पाटी पिशवीत टाकली, आणि ती आत सकाळीच टाकलेल्या पाटीवर वाजली.

टिक् एवढाच आवाज. त्या आवाजासरशी मला सगळं कळलं. मी ओरडले असणार, पण नेमका तेव्हाच बाराचा भोंगा सुरू झाला होता. आमचा भोंगा पाऊण मिनिट वाजतो.

चौकशी समितीनं विचारलं, मयत ट्रेनीनं आपली पाटी लावली होती का? मी म्हणाले, नाही. तिची पाटी तिच्या कपाटात सापडली, कमळासकट. बिरूही नाहीच म्हणाला. त्याच्या हिशेबी पाटी माझी होती आणि काम माझं होतं. मी तिला दुसरी पाटी दिली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अहवालात आलं, 'मयत ट्रेनी पाटी लावण्यास विसरली.' खाली सह्या झाल्या, तिसरी सही माझी. त्यात एक शब्द खोटा बोलले नाही, असं मी स्वतःला कितीतरी महिने सांगत होते.

संभाजीरावांनी हात जोडून मान्य केलं. "पोरीची चूक हाय मॅडम. तुमी तिला लई जपलं." जयाची राख त्यांनी उजनीच्या पाण्यात सोडली, जुन्या देवळाच्या बाजूला. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि देऊळ उघडं पडलं की ते फोन करतात, होडीनं दर्शनाला नेतो, या म्हणून. मी कधी गेले नाही. पाणी उतरल्याची बातमी पेपरात आली की मला जेवण जात नाही.

तर त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये पन्नासेक मुली होत्या. संभाजीराव बाहेर लिंबाखाली मोटारसायकल लावून उभे होते. आत या म्हटलं तर म्हणाले, "पोरींच्यात मी कशाला?" त्यांची धाकटी, श्रेया, तिसऱ्या रांगेत बसली. बहिणीपेक्षा उंच, पण भुवया त्याच. मी मनाशी ठरवून गेले होते की तिला बीए कर म्हणायचं. म्हणजे सगळं मिटलं असतं. ती जिवंत राहिली असती, मी गप्प राहिले असते, आणि घरात कुणी पुन्हा पाटीचा विषय काढला नसता.

बूट झाले, चहा झाला, मोरी झाली. मुली हसल्या. शेवटच्या बाकावर जया येऊन बसलेली होती. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, कुणाला काही विचारायचंय का?

श्रेया उभी राहिली. "मॅडम, आबा म्हणालेत तुम्ही सांगाल तसं करायचं. मला एकच विचारायचंय. विसरायची सवय मोडता येते का?"

"म्हणजे?"

"माझी बहीण पाटी लावायला विसरली म्हणून गेली. आई म्हणते विसरभोळेपणा आमच्या रक्तातच आहे. मी पण विसरीन असं तिला वाटतं. म्हणून तीन वर्षं झाली, आईनं हे माझ्या दप्तरात ठेवलंय. रोज बघायचं आणि ध्यानात ठेवायचं." तिनं दप्तरात हात घातला. "मी एकदाही काही विसरले नाही मॅडम. डबा नाही, वही नाही. पण आईचा विश्वास बसत नाही. तुम्ही सांगितलं तर बसेल."

तिनं लाल पाटी बाहेर ओढली, आणि ती स्टीलच्या डब्यावर वाजली. टिक्. पुढच्या दोन मुलींनी मान वळवून बघितलं. तीन वर्षं हा आवाज मी एकटीच ऐकत होते, आज तो सगळ्यांनी ऐकला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच मिनिटं कमी होती. पाटीवर नाव होतं, खाली कमळ होतं. नुसतं बघून बघून रंग उडत नाही, तो हात लावून उडतो. कमळाच्या एका पाकळीचा रंग अंगठ्याएवढा गेला होता.

मी टेबल धरलं. भीती वाटली, अगदी उघडी भीती, पोरीची आणि तिच्या हातातल्या पत्र्याची.

"तुझी बहीण विसरली नव्हती," मी म्हणाले.

मी खाली बघून सगळं सांगितलं. तक्रारीचा कागद मी परत केला तो, दुसरी पाटी, सकाळचं नऊ, बिरू, बॉयलरची ओरड, पिशवी. "तिनं पाटी लावली होती. माझ्या नावाची, कारण मी तशी शिकवण दिली होती. ती पाटी मी काढली. विसरले मी. आणि कागदावर विसरभोळी तिला ठरवलं, त्यावर सहीही केली."

स्वानंद उठला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, मुलींसमोर हे आत्ता नको. बसा तुम्ही, पाणी घ्या." मी बसले नाही. बसले असते तर परत उठले नसते.

श्रेया रडेल, ओरडेल असं मला वाटलं. तिनं पाटी छातीशी धरली होती. "म्हणजे ती विसरली नव्हती," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, जणू भाषा नवी होती.

"नाही."

"मग आईला सांगायला पाहिजे." ती बाकांमधून वाट काढत बाहेर गेली. खिडकीतून दिसलं, लिंबाखाली ती बापाशी बोलत होती. संभाजीराव आधी मान हलवत होते. मग मान हलायची थांबली.

ते आत आले ते चपला दारात काढून. डोक्यावरची टोपी हातात होती. मुलींनी त्यांना वाट दिली.

"खरं हाय?"

"हो."

संभाजीरावांनी मागून आत आलेल्या श्रेयाकडं बघितलं. मग म्हणाले, "तिच्या फोटोम्होरं रोज सांजच्याला दिवा लावतो. लावताना रोज म्हणतो, पोरी, येवढी कशी गं इसरलीस. तीन वर्सं रोज म्हणलो. तिची आय तर फोटोकडं बघतच न्हाय, राग हाय म्हणती." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "आमी तिला मेल्यावर बी बोल लावला, मॅडम. तुमी लावू दिला."

माफ करा म्हणणं तोंडात आलं, पण ते त्या माणसापुढं फार स्वस्त वाटलं.

"येक सांगा," ते म्हणाले. "आत आसताना तिला भ्या वाटलं आसंल का?"

"नाही. सुरू होईपर्यंत नाही. पाटी माझी होती. तिला खात्री होती, पाटीला कुणी हात लावणार नाही."

"म्हंजे निर्धास्त हुती."

"हो."

"तुमच्या भरवशावर."

"हो."

त्यांनी श्रेयाच्या हातून पाटी घेतली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली, आणि दप्तरात न ठेवता स्वतःच्या बंडीत घातली. "हे वजन पोरीनं लई वागवलं," ते म्हणाले. मग श्रेयाला, "तू हितंच ऱ्हा, मेकॅनिकलचा फारम भर. मॅडमला इचारायचं आता काय ऱ्हायलं न्हाय." आणि मग माझ्याकडं वळून, आवाज न चढवता, "जितं सही केलीया, तितं चला. ती इसरली न्हाय म्हणून लिवून द्या. आजच. मी संगट येतो, मोटारसायकलवर मागं बसा."

कॉलेजची बाराची घंटा झाली. सवयीनं मी पिशवी छातीशी घट्ट धरली आणि वाट बघितली. पिशवीतून काही आवाज आला नाही. मला वाटलं, चला, सुटले. मान वर करून शेवटच्या बाकाकडं बघितलं.

जया तिथंच बसलेली होती. मी समजत होते की एकदा सांगितलं की ती उठून जाईल. ती गेली नव्हती. मांडीवर माझ्या नावाची पाटी घेऊन ती बसली होती, कामाची घाई नसलेल्या माणसासारखी. मी तिला म्हणाले होते, मी आहे ना. ती त्या शब्दावर अजून थांबली होती.

संभाजीराव दाराशी जाऊन चपला घालत होते. मी शाल आणि नारळ टेबलावरच ठेवला आणि त्यांच्या मागून निघाले.